करवंदातले लोह आणि लेखातले लोह

एप्रिल महिना उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, आरोग्यविषयक सदरांतून आणि आता मोबाइलवरून फिरणाऱ्या मजकुरातून एक ठरावीक लेख दरवर्षी वाचायला मिळतो. त्याचे शीर्षक बहुधा ‘बहुगुणी करवंद’ किंवा ‘रानमेवा : आरोग्याचा ठेवा’ असे असते. लेखक बदलतात, मजकूर फारसा बदलत नाही. करवंदात भरपूर लोह असते, म्हणून ते रक्तवाढीसाठी उत्तम. त्यात ‘क’ जीवनसत्त्व विपुल असते. मधुमेह, हृदयविकार, त्वचारोग, जंत, ताप, अपस्मार या साऱ्यांवर ते गुणकारी आहे. आणि शेवटी, आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते, अशी ग्वाही. लेखाचे कात्रण शाळेच्या वार्ताफलकावर लागते, विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यावर उतरते आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवहीत शब्दशः नकलले जाते. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या लेखप्रकाराचे परीक्षण म्हणूनच एकदा करायला हवे.

परीक्षणासाठी करवंदच का, याचेही कारण आहे. मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत, भाईंदरच्या पश्चिमेस धारावी बेटावर डोंगरी, तारोडी, उत्तन अशी गावे आहेत. अशा गावातल्या मुलांना करवंद चित्रावरून शिकवावे लागत नाही. जाळीत हात घातला की दुहेरी काटा कसा टोचतो, देठ तोडल्यावर पांढरा चीक बोटांना आणि ओठांना कसा चिकटतो, हे त्यांना माहीत असते. फळ फोडून आतून लालबुंद निघाले तर ‘कोंबडा’ आणि फिकट निघाले तर ‘कोंबडी’, हा खेळ तर महाराष्ट्रभर चालतो. ज्या वस्तूशी अशी प्रत्यक्ष ओळख आहे, तिच्याविषयीचे लेखन तपासून पाहण्याची सवय मुलांना सहज लावता येते.

या लेखांचे श्रेय आधी मान्य करू. स्थानिक, स्वस्त, हंगामी फळे मुलांनी खावीत हा त्यांचा आग्रह योग्य आहे. पाकीटबंद खाऊच्या काळात करवंद, जांभूळ, तोरणे यांची आठवण करून देणे हे चांगलेच काम आहे. तक्रार आहे ती पुराव्याच्या हाताळणीबद्दल.

लोहाचा आकडा कोठून आला?

या लेखांतला सर्वांत वजनदार आकडा लोहाचा असतो : १०० ग्रॅम करवंदात ३९.१ मिलिग्रॅम लोह. हा आकडा कोणी मनाने रचलेला नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या, गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स’ या पुस्तकात तो छापलेला आहे. आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या पुस्तकावर वाढल्या. मात्र या पुस्तकात करवंदाच्या ओळी दोन आहेत. एक ताज्या करवंदाची आणि दुसरी सुक्या करवंदाची. ३९.१ हा आकडा सुक्याच्या ओळीतला आहे. लेखात येताना ‘सुके’ हा शब्द वाटेत गळून पडतो. खाणारा मात्र द्रोणातली ताजी करवंदे खात असतो.

या एका शब्दाने किती फरक पडतो ते साध्या गणिताने पाहू. पुस्तकाप्रमाणे १०० ग्रॅम ताज्या करवंदात ९१ ग्रॅम पाणी असते. म्हणजे कोरडा भाग फक्त ९ ग्रॅम. सुक्या करवंदात पाणी १८.२ ग्रॅम, म्हणजे कोरडा भाग ८१.८ ग्रॅम. ८१.८ ला ९ ने भागले तर उत्तर ९ च्या थोडे वर येते. थोडक्यात, १०० ग्रॅम सुकी करवंदे मिळवायला सुमारे ९०० ग्रॅम ताजी करवंदे सुकवावी लागतील. म्हणून ३९.१ ला ९.१ ने भागायला हवे. उत्तर येते ४.३ मिलिग्रॅम. लेखातला आकडा ताज्या फळाच्या बाबतीत नऊ पटीने फुगलेला आहे.

जिज्ञासू विद्यार्थ्याने येथे थांबू नये. फळ सुकताना फक्त पाणी जात असेल, तर बाकीचे घटकही साधारण नऊ पटीनेच वाढायला हवेत. ताज्या करवंदात प्रथिने १.१ ग्रॅम आणि स्निग्ध पदार्थ २.९ ग्रॅम दिले आहेत. त्या हिशेबाने सुक्यात प्रथिने १० ग्रॅम आणि स्निग्ध पदार्थ २६ ग्रॅम असायला हवेत. पुस्तकात सुक्यासाठी आकडे आहेत २.३ आणि ९.६. याचा अर्थ, एकच फळ सुकण्यापूर्वी आणि सुकल्यानंतर तपासले असे या दोन ओळींवरून दिसत नाही. नमुने वेगळे असले पाहिजेत. रानटी फळांत झाडागणिक, जमिनीगणिक आणि पिकण्याच्या अवस्थेगणिक फरक पडतो, त्यामुळे यात नवल नाही. परंतु मग आपण काढलेला ४.३ हा आकडाही पक्का मानता येत नाही. तो अंदाज आहे.

दुसऱ्या एका ग्रंथाने हे अधिक स्पष्ट होते. उष्ण प्रदेशांतील फळांवर ज्युलिया मॉर्टन यांचा ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारत आणि फिलिपाइन्समधल्या विश्लेषणांच्या आधारे पिकलेल्या करवंदातले पाणी सुमारे ८३ टक्के दिले आहे. म्हणजे कोरडा भाग १७ ग्रॅम. हा धरला तर भागाकार ४.८ ने करावा लागेल आणि लोह ८.१ मिलिग्रॅम येईल. केवळ पाण्याचा आकडा बदलला आणि उत्तर जवळजवळ दुप्पट झाले. प्रामाणिक लेखकाने लिहायचे झाले तर ‘ताज्या करवंदात १०० ग्रॅममागे अंदाजे ४ ते ८ मिलिग्रॅम लोह असू शकेल, नेमका आकडा ताज्या फळाच्या तपासणीवरूनच सांगता येईल’ असे लिहावे लागेल. हे वाक्य शीर्षकात शोभणार नाही, पण ते खरे आहे.

शिवाय सुकवलेल्या पदार्थातील लोह मोजताना आणखी एक अडचण असते. फळ अंगणात सुकले, त्यावर धूळ बसली, ते लोखंडी खलबत्त्यात कुटले, तर बाहेरचे लोहही मोजणीत येते. म्हणून अन्नघटकांच्या तक्त्यांची वेळोवेळी फेरतपासणी करावी लागते. याच संस्थेने २०१७ साली देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन ५२८ खाद्यपदार्थांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. जुना आकडा फळ्यावर लिहिण्यापूर्वी नव्या तक्त्यात तो पदार्थ आहे का, असल्यास कोणत्या रूपात आहे, हे शिक्षकांनी पाहावे.

आता हा आकडा गरजेशी ताडून पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार १६ ते १८ वयाच्या मुलीला दररोज ३२ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. तिने ५० ग्रॅम ताजी करवंदे खाल्ली, तर आपल्या हिशेबाने २ ते ४ मिलिग्रॅम मिळेल. बहुगुणी लेखाच्या हिशेबाने मात्र जवळजवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे निम्म्याहून अधिक गरज एका द्रोणात भागली! त्यातही पोटात गेलेले सारे लोह रक्तात जात नाही. वनस्पतिजन्य लोहाचा बराच मोठा भाग न शोषताच बाहेर पडतो. फळातली आम्ले शोषणाला मदत करतात, तर टॅनिनसारखे तुरट पदार्थ अडथळा आणतात. करवंद आंबट आहे आणि तुरटही.

लोहाच्या या कीर्तीमागे रंगाचाही हात असावा. बीट लाल, डाळिंब लाल, करवंदाचा ‘कोंबडा’ लाल. म्हणून ही फळे रक्त वाढवणारी, असा समज सर्वत्र आढळतो. करवंदाचा लाल रंग अँथोसायनिन गटातील रंगद्रव्यांचा आहे. त्याचा लोहाशी संबंध नाही.

आंबट म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व?

दुसरा दावा ‘क’ जीवनसत्त्वाचा. मॉर्टन यांच्या ग्रंथात करवंदासाठी १०० ग्रॅममागे ९ ते ११ मिलिग्रॅम हा आकडा आहे. याची तुलना राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या पुस्तकातल्या इतर फळांशी करावी : पेरू २१२ मिलिग्रॅम, आवळा ६०० मिलिग्रॅम. करवंद ‘विपुल’ या शब्दाला पात्र ठरत नाही. आंबटपणावरून हे जीवनसत्त्व ओळखता येत नाही. चिंच कितीतरी आंबट, पण तिच्या गरात याच पुस्तकाप्रमाणे अवघे ३ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व आहे. तिचा आंबटपणा टार्टारिक आम्लाचा. शिवाय मुरंबा शिजवताना किंवा फळ उन्हात सुकवताना असलेल्या ‘क’ जीवनसत्त्वाचाही बराच नाश होतो. लेखक मात्र सुक्या फळाचे लोह आणि ताज्या फळाचे जीवनसत्त्व एकाच वाक्यात बसवतात. असे फळ कोणत्याही जाळीला लागत नाही.

मुळाचे गुण फळाला

त्वचारोग, जंत, हृदयविकार, अपस्मार यांच्या बाबतीत निराळीच अदलाबदल झालेली दिसते. जुन्या वनौषधी ग्रंथांत कोकणातला एक उपाय नोंदलेला आहे. करवंदाचे मूळ घोड्याच्या मूत्रात लिंबाचा रस आणि कापूर घालून कुटायचे आणि खरजेवर लावायचे. आजच्या लेखात याचे ‘करवंद त्वचारोगांवर गुणकारी’ असे होते. मूळ गेले, घोडा गेला, लिंबू आणि कापूर गेला, बाहेरून लावायचे होते तेही गेले; उरले खायचे फळ. खाज कमी झाली असेल तर ती कापराने की मुळाने, हा प्रश्न विचारायलाही जागा उरली नाही.

हृदयाचे तसेच. करवंदाच्या मुळांत हृदयाच्या आकुंचनावर परिणाम करणारी द्रव्ये आहेत. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये १९६३ साली करवंदाच्या दोन जातींच्या या गुणाची तुलना प्रसिद्ध झाली होती. अपस्माराचा उल्लेख येतो तो बहुधा २००९ सालच्या एका प्रयोगावरून; तोही मुळाच्या अर्काचा आणि उंदरांवर केलेला. यात फळ कोठेच नाही.

ही अदलाबदल नुसती विनोदी नाही, धोक्याचीही आहे. करवंद कण्हेरीच्या कुळातले आहे. कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांतील हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये विषारी आहेत, हे ग्रामीण भागात सर्वांना ठाऊक असते. करवंदाचे फळ पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जात आहे, ते निर्धास्त खावे. परंतु ‘सारी वनस्पतीच औषधी’ असे वाचून कोणी मुळाचा काढा करून प्यायला लागला, तर त्याची जबाबदारी कोण घेणार? हृदयावर परिणाम करणारे द्रव्य हे औषध की विष, हे मात्रेवर ठरते आणि काढ्यात मात्रा मोजलेली नसते.

नागपूरचा प्रयोग

मधुमेहाच्या दाव्यामागे खरा प्रयोग आहे आणि तो महाराष्ट्रातला आहे. नागपूर विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली कच्च्या करवंदाच्या अर्काचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲलॉक्सन हे रसायन देऊन उंदरांत मधुमेह निर्माण केला, त्यांना फळाचा मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क दिला, आणि शरीराच्या दर किलोमागे ४०० मिलिग्रॅम मात्रेला रक्तातली साखर उतरलेली आढळली. काम उपयुक्त आहे. कच्च्या फळात शोधण्यासारखे काही आहे, एवढे ते सांगते.

यावरून ‘मधुमेहींनी रोज मूठभर करवंदे खावीत’ या वाक्यापर्यंत पोहोचायला किती पायऱ्या गाळाव्या लागतात, ते मोजावे. प्रयोगातले फळ कच्चे, खायचे पिकलेले. प्रयोगात मिथेनॉलचा अर्क, खायचे सबंध फळ, साखरेसह. ॲलॉक्सन स्वादुपिंडातल्या पेशी नष्ट करते. प्रौढ माणसाचा नेहमीचा मधुमेह असा एका दिवसात होत नाही. राहिली मात्रा. उंदराच्या मात्रेवरून माणसाची सुरुवातीची मात्रा अंदाजताना ६.२ ने भागण्याची पद्धत औषधशास्त्रात आहे. ४०० भागिले ६.२ म्हणजे सुमारे ६५. ५० किलो वजनाच्या माणसाला सव्वातीन ग्रॅम अर्क. हा शुद्ध कोरडा अर्क आहे, फळ नव्हे. एवढ्या अर्काला किती फळे लागतील हे सांगितल्याशिवाय ‘मूठभर’ या शब्दाला काही आधार नाही. आणि माणसांवरची चाचणी ही सर्वांत मोठी पायरी तर बाकीच आहे.

परंपरेशी तरी प्रामाणिक?

आधुनिक विज्ञानाचे राहू द्या, आम्ही परंपरा सांगतो, असे म्हणणाऱ्या लेखकालाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात करवंद ‘करमर्द’ या नावाने येते. तेथे कच्चे आणि पिकलेले फळ वेगळे धरले आहे. कच्चे आंबट, पचायला जड, उष्ण, तहान भागवणारे आणि रुची आणणारे, पण रक्तपित्त व कफ वाढवणारे. पिकलेले मधुर, हलके, पित्त व वात शमवणारे. रक्तपित्त म्हणजे नाकातोंडातून रक्त जाण्यासारखे विकार. म्हणजे कच्च्या करवंदाचा दोषही प्राचीनांनी नोंदला होता. आजच्या लेखात दोषाचा उल्लेख नसतो आणि कच्च्या-पिक्याचा भेदही नसतो. भावमिश्रांचे वर्गीकरण आपण आज जसेच्या तसे स्वीकारू वा न स्वीकारू; पण भेद करून, मर्यादा सांगून लिहिण्याची त्यांची शिस्त या ‘परंपरावादी’ लेखांहून वरची आहे, हे मान्य करावे लागेल.

लोकज्ञानाला मान देण्याचा मार्ग ते तपासून पाहण्याचा आहे. याचे उत्तम उदाहरण करवंदाच्याच कुळातले आहे. सदाफुली मधुमेहावर लोक वापरत असत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५० च्या दशकात तिचा अर्क प्राण्यांवर तपासला. साखर काही उतरली नाही. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिसल्या. त्या धाग्यावरून विनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध हाती आले. लोकांचा दावा चुकीचा ठरला तरी लोकांनी दाखवलेली वनस्पती अमोल ठरली. संशोधकांनी ‘सदाफुली मधुमेहावर गुणकारी’ असे लिहून काम संपवले असते, तर हे औषध मिळाले नसते.

पणाला काय लागले आहे?

फळाची थोडी जास्त स्तुती झाली तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आधीच्या २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे दहावीच्या वर्गातल्या साधारण दर दुसऱ्या मुलीचा हा प्रश्न आहे. साप्ताहिक लोहगोळ्यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल असलेली गोळी ठरवलेली आहे. ही गोळी मुलींना आवडत नाही. मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून ती दप्तरात राहते किंवा खिडकीतून बाहेर जाते. अशा मुलीने फलकावर वाचले की करवंदात भरपूर लोह असते, तर गोळी टाळायला तिला शाळेनेच सबळ कारण दिले असे होते. एका गोळीइतके लोह पोटात जायला आपल्या हिशेबाने पाऊण ते जवळजवळ दीड किलो ताजी करवंदे लागतील, दर आठवड्याला, वर्षभर. आणि करवंदाचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा.

शिवाय रक्तक्षय नेहमी लोहाच्या उणिवेनेच होतो असे नाही. जंत, मासिक पाळीतला अतिरिक्त रक्तस्राव, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव, थॅलसेमिया, सिकलसेल अशी कारणे असू शकतात. फिकट दिसणाऱ्या मुलीला रक्त तपासायला पाठवणे, हे शिक्षकाच्या हातून होणारे सर्वांत मोलाचे काम आहे. फळाची स्तुती त्याच्या आड येता कामा नये.

या स्तुतीत करवंदाचे खरे मोलही झाकले जाते. काटेरी जाळी शेताला फुकटचे कुंपण देते, पक्ष्यांना आसरा देते, डोंगरउतारावरची माती धरून ठेवते. फळातल्या पेक्टिनमुळे त्याची जेली चांगली होते. पाकात मुरवून लाल रंगवलेले करवंदच केकवर आणि पानात ‘चेरी’ म्हणून मिरवते. उन्हाळ्यात उपनगरी स्थानकांबाहेर द्रोण मांडून बसणाऱ्या आदिवासी बायकांच्या हातात त्याच्यामुळे चार पैसे पडतात. डोंगरीच्या टेकडीवर मेट्रो-९ च्या कारशेडसाठी हजारो झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला २०२५ साली रहिवाशांनी हरकती घेतल्या. अशा टेकडीवरचे झुडूप राखायचे कारण सांगताना त्याला मधुमेहावरचे औषध ठरवण्याची गरज नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

फलकावरचे कात्रण फाडू नये. ते वर्गात आणावे आणि प्रत्येक दाव्यापुढे विद्यार्थ्यांना पाच प्रश्न लिहायला सांगावे. वनस्पतीचा कोणता भाग? कच्चा की पिका, ताजा की सुका? कोणत्या रूपात आणि किती? कोणावर तपासले, माणसावर की उंदरावर? तुलना कशाशी केली? उत्तर न मिळाल्यास रकाना कोरा ठेवावा. कोरे रकाने मोजले की लेखाची किंमत आपोआप कळते.

दोन प्रयोगही करता येतील. १०० ग्रॅम करवंदे वजन करून जाळीखाली उन्हात सुकवावीत आणि वजन घटायचे थांबेपर्यंत रोज नोंद ठेवावी. आपल्या गावच्या करवंदात पाणी ९१ टक्क्यांच्या जवळ आहे की ८३ च्या, याचा अंदाज त्यावरून येईल. उन्हात सगळे पाणी जात नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. दुसरा प्रयोग स्टार्च आणि आयोडीनचा. समान आकारमानाचा पेरूचा, लिंबाचा आणि करवंदाचा रस घेऊन निळा रंग टिकेपर्यंत आयोडीनचे किती थेंब लागतात ते मोजावे. पिकलेल्या करवंदाचा लाल रंग निरीक्षणात अडथळा आणतो, म्हणून हिरवी करवंदे घ्यावीत. तारोडीच्या मुलांनी आपल्या टेकडीवरच्या करवंदांवर ही मोजणी केली आणि आकडे तारीख घालून कात्रणाखाली लावले, तर पुढच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या लेखाला उत्तर द्यायला शाळेजवळ स्वतःचे काही असेल.